हार्ट्स अँड हूव्ज डे परत बघितला आणि चिअरिलीचं ते एक वाक्य डोक्यातून जाईना

पानगळ

भाची राहायला आलीये, वय वर्षं सात. तिच्यासोबत माय लिटल पोनी: फ्रेंडशिप इज मॅजिक (बोलणाऱ्या घोड्यांच्या गावाची कार्टून मालिका) परत सुरू केलंय आणि काल दुसऱ्या सीझनमधला हार्ट्स अँड हूव्ज डे लागला. हा पहिल्यांदा आला ११ फेब्रुवारी २०१२ ला, व्हॅलेंटाइनच्या तोंडावर. तेव्हा मी कॉलेजला होते आणि लॅपटॉपवर बघताना एवढी हसले होते की रूममेट उठून बघायला आली काय झालं म्हणून. कालही हसले, पण एका जागी जे अडकले ते अजून तिथेच आहे, म्हणून धागा काढतेय.

ज्यांनी बघितला नाही किंवा विसरलेत त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲपल ब्लूम, स्वीटी बेल आणि स्कूटालू या तिघी शाळकरी मुली हार्ट्स अँड हूव्ज डेला, म्हणजे त्यांच्याकडच्या व्हॅलेंटाइनच्या सणाला, भलंमोठं कार्ड बनवतात, त्यांच्या बाईंना म्हणजे चिअरिलीला द्यायला. कार्ड दिल्यावर विचारतात की बाई तुमचं कुणी खास आहे का. ती म्हणते सध्या नाही, पण मला खूप चांगल्या मैत्रिणी आहेत आणि तुमच्यासारखे विद्यार्थी आहेत. झालं, तिघींना तिची इतकी कणव येते की त्या गावभर तिच्यासाठी घोडा शोधत फिरतात. (गाणं अजूनही भारी आहे, एकेकाला नापास करत जातात ते. भाचीने तीनदा मागे घेऊन बघितलं.) शेवटी ॲपल ब्लूमचाच भाऊ बिग मॅकिंटॉश पसंत पडतो. त्याला आणि बाईंना एकत्र बसवून बघतात तर काहीच घडत नाही, कारण तो ईयपच्या (म्हणजे हो) पुढे जाईना. मग मालिकेची नायिका ट्वायलाइट हिच्याकडून या सणाच्या इतिहासाचं पुस्तक मिळतं, त्यात प्रेमाच्या औषधाची कृती: ढगाचा पुंजका, इंद्रधनुष्याची झळाळी आणि पेगॅससचं पीस. ते सरबतात घालून दोघांना पाजतात आणि नंतर कळतं की ते औषध नव्हतंच, प्रेमाचं विष होतं. ते प्यायलेल्या राजपुत्र-राजकन्येला एकमेकांपलीकडे काही सुचेना आणि त्यात अख्खं राज्य बुडालं. उतारा एकच, दोघांनी सलग एक तास एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं नाही. पुढचा सगळा गोंधळ म्हणजे तो एक तास कसाबसा काढणं.

आता माझं अडकणं. चिअरिलीने पहिल्याच सीनमध्ये उत्तर दिलेलं असतं. ती रडत नव्हती, खिडकीबाहेर बघून उसासे टाकत नव्हती, शांतपणे आणि हसून सांगत होती की माझं बरं चाललंय. २०१२ मध्ये ते वाक्य माझ्या कानांवरून नुसतं गेलं. मला ते पुढच्या गोष्टीसाठीचं निमित्त वाटलेलं, म्हणजे कथा सुरू करायला कुणीतरी एकटं लागतं म्हणून. काल ऐकलं तर वाटलं हिला जे सांगायचं होतं ते सांगून झालं, तिघींना ते ऐकूच गेलं नाही, आणि मलाही गेलं नव्हतं.

बरं, शेवटी तिघींना शिक्षा होते ती औषध पाजल्याबद्दल, आणि त्या माफी मागतात ती दुसऱ्यांच्या नात्यात लुडबूड केल्याबद्दल. पण तिने सांगितलं होतं आणि आपण ऐकलं नाही, हे कुणीच म्हणत नाही. बावीस मिनिटांत सगळं बसवायचं असतं ते कळतं मला, तरी एक वाक्य चाललं असतं.

तुम्ही कुणी मोठेपणी परत बघितलाय का? काय वाटलं?


उनाड_ढग

मी लहानपणीच बघितला होता आणि माझ्यासाठी तो एपिसोड म्हणजे बिग मॅक पाठीला दोरीने बांधलेलं अख्खं घर ओढत नेतो तो सीन, बाकी काही नाही :)

पण तुझं वाचून आठवलं, पहिल्या सीझनमध्ये कॉल ऑफ द क्युटीमध्ये चिअरिली वर्गाला स्वतःच्या क्युटी मार्कबद्दल (आपली खासियत सापडली की अंगावर उमटणारी खूण) सांगते ना? तीन हसरी फुलं. फुलं म्हणजे पुढे येणारे माझे विद्यार्थी, नीट वाढवले तर फुलतील अशी आशा, आणि त्यांच्यावरचं हसू म्हणजे मी त्यांना जो आनंद देईन तो. म्हणजे तिचं खास काय आहे ते तिच्या अंगावरच छापलेलं आहे, आणि तिघींतली ॲपल ब्लूम त्या वर्गात बसली होती, ती तर त्या एपिसोडची हिरॉइनच.


पानगळ

अरे हो!! हे माझ्या लक्षातच नव्हतं आलं. म्हणजे तिने दोनदा सांगून झालं होतं.


रात्रीचा_वाचक

धागा आवडला पण जरा वेगळं मत मांडतो. हा फार्स आहे, आणि फार्समध्ये कुणी नीट ऐकलं तर गोष्टच होत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलींना आपल्या आवडत्या बाई एकट्या आहेत असं वाटणं आणि काहीतरी करावंसं वाटणं हे किती खरं आहे. त्यांच्या वयाला "मी सुखी आहे" आणि "माझं कुणी नाही" ही दोन वाक्यं एकत्र बसतच नाहीत. गोष्टीत राजकन्या असेल तर राजपुत्र हवाच, एवढंच त्यांना माहीत. लेखिकेने (मेगन मॅकार्थी) ते अचूक पकडलंय असं मी म्हणेन. तिघींचे आवाजही खऱ्या मुलींनीच दिलेत त्यामुळे तो भाबडेपणा ओढूनताणून आणलेला वाटत नाही.

आणि शिक्षा होते की! बिग मॅकची शेतावरची सगळी कामं करायला लागतात.


खडूफळा

मी शाळेत शिकवते, सतरा वर्षं झाली. लग्न केलं नाही, आणि त्यामागे काही दुःखद गोष्ट नाहीये, तसं काही झालं नाही आणि मला त्याची उणीव वाटली नाही एवढंच. हे मी जितक्या वेळा सांगितलंय तितक्या वेळा समोरच्याच्या चेहऱ्यावर तेच आलंय जे त्या तिघींच्या चेहऱ्यावर येतं, आणि ते चित्रात अगदी नेमकं काढलंय, डोळे मोठे आणि मान एका बाजूला. माझ्या विद्यार्थ्यांनीही विचारलंय, त्यांचा राग येत नाही, रात्रीचा_वाचक म्हणतायत तसं मुलं तशीच असतात. पण स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्याने मला न सांगता कुणालातरी माझा नंबर दिला होता, "तुझ्या भल्यासाठी", आणि मी चिडले तर मलाच समजावलं गेलं की त्यांचा हेतू चांगला होता.

त्यामुळे हा एपिसोड मला हसवत नाही, पण नावडताही नाही. माझ्यासारखी बाई मुलांच्या कार्टूनमध्ये आहे, ती पहिल्या मिनिटात स्पष्ट बोलते आणि तिला कडवट किंवा बिचारी दाखवलेली नाही, हे २०१२ मध्ये मला खूप मोठं वाटलं होतं. पानगळ, तुला ते वाक्य आत्ता ऐकू आलं, मला तेव्हाच आलं होतं. कोण कुठे उभं आहे त्यावर असतं बहुतेक.


पानगळ

खडूफळा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "माझ्यासाठी ती बिचारी नाही" ही बाजू मी धरलीच नव्हती, मी नुसती एपिसोडने काय केलं नाही तेच मोजत बसले होते. आणि नंबरचं वाचून खरंच संताप आला.


झुळूक

+१ खडूफळा.

मला त्या औषधाबद्दल बोलायचंय. हे सगळं प्रेमाबद्दल आहे असं आपण म्हणतोय पण दोघांना न विचारता काहीतरी पाजलं जातं आणि त्यानंतर ते जे बोलतात ते त्यांचं नसतंच. बिग मॅक बघा ना, एरवी ज्याच्या तोंडून दोन शब्द निघत नाहीत तो लाडेलाडे काय काय बोलत सुटतो, आणि त्यातला एकही शब्द त्याचा नाही. आपण त्याला हसतो कारण तो मोठा धिप्पाड आहे आणि बोबडं बोलतोय. चिअरिलीला लग्नाच्या ड्रेसपर्यंत नेतात, त्याला अंगठी घ्यायला पाठवतात. तिघी हे त्यांना वेगळं ठेवण्यासाठी करतात ते ठीक, पण तासभर उशीर झाला असता तर?

आणि याच सीझनमध्ये याच्या आधी लेसन झीरो आहे, तोही मॅकार्थीचाच. ट्वायलाइट एका जुन्या कापडी बाहुलीवर हवीहवीशी वाटायचा मंत्र टाकते आणि सगळं गाव त्या बाहुलीसाठी मारामारी करतं. सगळ्यात आधी तो मंत्र कुणावर चालतो? याच तिघींवर! आणि शेवटी बाहुली कोण घरी नेतं? बिग मॅक. म्हणजे एका सीझनमध्ये बिचाऱ्याचं मन दोनदा दुसऱ्याच कुणाच्या हातात, आणि ज्या मुलींनी ते स्वतः अनुभवलंय त्याच ते त्याच्यावर करतात.


रात्रीचा_वाचक

लेसन झीरोचा मुद्दा जबरदस्त आहे, हे मला सुचलं नव्हतं. पण त्यांना त्यातलं काही आठवतंय असं दाखवलं नाहीये ना नंतर. या मालिकेत तसं बऱ्याचदा होतं, एका एपिसोडचं ओझं पुढच्यात येत नाही.


दोन_टिंबं

येतं, पण वळसा घालून येतं. झुळूक यांच्या मुद्द्याला धरून: याच सीझनचा शेवट म्हणजे अ कँटरलॉट वेडिंग, २१ एप्रिल २०१२. मोजून दहा आठवड्यांनी. त्यात खलनायिका काय करते? राणी क्रिसॅलिस नवरी केडन्सचं रूप घेते आणि नवरदेवाला, म्हणजे ट्वायलाइटचा भाऊ शायनिंग आर्मरला, मंत्राखाली ठेवते, तो डोळे हिरवे करून हो ला हो करत राहतो, आणि लग्न ठरलेलं आहे. हार्ट्स अँड हूव्जमध्ये जे हसवण्यासाठी आहे तेच तिथे भीतीदायक आहे. जादूने मन बांधणं, घाईचं लग्न, आणि बाजूला एकटी कुणीतरी जिला कळतंय की हे बरोबर नाही. फरक हेतूचा. मुलींचा हेतू चांगला, राणीचा वाईट. पण शायनिंग आर्मरला किंवा बिग मॅकला त्या हेतूने काय फरक पडतो?

आणि खरी केडन्स, जी प्रेमाची राजकन्या आहे, ती काय करते तेही बघा. ट्वायलाइटच्या आठवणीत ती भांडणाऱ्या जोडप्यावर मंत्र टाकते आणि त्यांचं आधीच असलेलं प्रेम त्यांना परत आठवतं. नसलेलं निर्माण करत नाही. ठरवून केलं की आपोआप झालं माहीत नाही पण मालिकेने दहा आठवड्यांत त्या औषधाला उत्तर दिलंय असं मला नेहमी वाटतं.


अनवाणी

दोन_टिंबं, टाळ्या. "हेतू चांगला होता" वरून खडूफळा यांचा नंबर देणारा सहकारी आठवला लगेच.


मनमुराद

सगळे एवढं गंभीर लिहितायत त्यात माझं म्हणणं थोडं लहान मुलासारखं वाटेल पण मी मनापासून सांगते. मला चिअरिली आणि बिग मॅकची जोडी खरंच आवडायची. औषध नाही, त्याआधीचा तो सीन, जिथे दोघांना एकत्र बसवतात आणि काहीच होत नाही. दोघं एकमेकांशी किती नीट वागतात, अवघडले तरी कुणी कुणाला तुच्छ लेखत नाही. मला वाटायचं आता औषध उतरल्यावर खरंच हळूहळू ओळख होईल. मी वाट बघितली, सीझनमागून सीझन, आणि मालिकेने त्याला शुगर बेल नावाच्या बेकरीवालीकडे नेलं. २०१९ मध्ये लग्न झालं तेव्हा आनंदही झाला आणि कुठेतरी रुखरुखही वाटली.


पानगळ

मनमुराद, लहान मुलासारखं अजिबात नाही. भाचीनेही शेवटी विचारलं, "मग ते मित्र झाले का?" मित्र म्हणाली ती.


उनाड_ढग

शुगर बेलवरून, सातव्या सीझनचा हार्ड टू से एनीथिंग (२०१७) कुणी या एपिसोडला लावून बघितलाय का? मी परवाच बघितला. तिथेही याच तिघी, तोच बिग मॅक, परत जोडी जुळवणं. पण आता त्यांना क्युटी मार्क मिळालेत, इतरांना त्यांचं त्यांचं सापडायला मदत करणं हेच त्यांचं काम. आणि तरी सुरुवातीला तीच चूक! परीकथांची पुस्तकं काढतात आणि बिचाऱ्याला एकेक पराक्रम करायला लावतात, समोर फेदर बँग्स नावाचा केस उडवणारा गायक आहे म्हणून चढाओढ. गाणी, नाच, सगळं. आणि शुगर बेलला त्यातलं काहीच नको असतं.

तिला काय हवं असतं? दुकानात पदार्थ मांडायला मोठी मांडणी. हे ती बोललेली असते. बिग मॅक ते ऐकून ठेवतो आणि बनवून देतो. बस.

मला आधी वाटायचं काय हा रोमान्स, सुतारकाम. आता धागा वाचून वाटतंय की पानगळ जे एक वाक्य मागतेय ते पाच वर्षांनी आलं. "तिने सांगितलं होतं, मी ऐकलं", एवढंच तर आहे ते, फक्त बिग मॅक बोलत नाही म्हणून ते मांडणी होऊन आलं.


पानगळ

उनाड_ढग, तो एपिसोड मी बघितला होता पण हे दोन मी कधी शेजारी ठेवलेच नव्हते. एक जण ऐकतो आणि कामाला लागतो, एवढंच. आणि गंमत म्हणजे मनमुरादला जो सीन आवडतो, काही न घडण्याचा, त्यातला बिग मॅकसुद्धा हाच आहे. त्याला तिथे फक्त एखादी तुटलेली वस्तू द्यायला हवी होती दुरुस्त करायला.


झुळूक

हे छान आहे पण मी इथे थोडी अडते. चिअरिलीला काय मिळालं? बिग मॅकची गोष्ट पुढे गेली. २०१८ मध्ये परत याच सणाचा एपिसोड आला, द ब्रेक अप ब्रेक डाउन, त्यातही बिग मॅकच, अर्धवट कानावर पडलेल्या बोलण्यावरून शुगर बेल आपल्याला सोडणार असं धरून बसतो. मग द बिग मॅक क्वेश्चन आणि लग्न. चिअरिली मात्र शाळेतच. जिच्या वाक्यावरून आपण सुरू केलं तिचं वाक्य मालिकेने परत उचललंच नाही.


खडूफळा

झुळूक, तुम्ही म्हणताय ते तक्रार म्हणून बरोबर आहे पण मला ते उलटं दिसतं. नऊ सीझन झाले, दोनशे बावीस एपिसोड, आणि शेवटपर्यंत कुणीही चिअरिलीला "सुधारलं" नाही. तिला नवरा आणून दिला नाही, तिला नंतर पश्चात्ताप झाला असं दाखवलं नाही. ती म्हणाली होती मला मैत्रिणी आहेत आणि विद्यार्थी आहेत, आणि ती तशीच राहिली, आनंदात. "मग शाळेतच" असं नका म्हणू हो. मीही शाळेतच आहे.


झुळूक

मनापासून माफी मागते खडूफळा. तो "मात्र" मी न बघता लिहिला आणि तो नेमका त्या तिघींचाच "मात्र" होता.


खडूफळा

अगं माफी कसली, तुमचा लेसन झीरोचा मुद्दा मी आजच वर्गातल्या मुलांना सांगितला. मंत्र ज्यांच्यावर पडला होता त्यांनीच दुसऱ्यावर टाकला, असं का, असं विचारलं. एक मुलगा म्हणाला, "कारण त्यांना माहीत होतं की तो चालतो." मला पुढे बोलायलाच सुचलं नाही.


अनवाणी

बाप रे, काय उत्तर आहे.

मी एक गोष्ट सांगू का शेवटच्या सीनबद्दल, कुणी काढली नाही म्हणून. विष उतरतं, दोघं मुलींनी खणलेल्या खड्ड्यात आहेत, मुली कबूल करतात आणि मग चिअरिली आणि बिग मॅक पुन्हा ते लाडेलाडे बोलणं सुरू करतात, नाटक म्हणून, मुलींना घाबरवायला. मुलींचा चेहरा पडतो. आपण ते गमतीचा शेवट म्हणून बघतो. पण तेच शब्द आहेत, आणि यावेळी ते दोघांनी ठरवून म्हटलेत. संपूर्ण एपिसोडमध्ये या दोघांनी आपल्या मर्जीने एकत्र केलेली गोष्ट ती एकच. त्यासाठी त्यांना आपापसात बोलावंही लागत नाही.


मनमुराद

अनवाणी, मला रडवलंत. म्हणजे माझी जोडी होती तर. तेवढ्या वीस सेकंदांपुरती.


पानगळ

आत्ता उठून तो सीन परत लावला. अनवाणी म्हणतायत तसंच आहे. आधी दोघं एकमेकांकडे बघतात, आणि त्या बघण्यात काहीही नाही, म्हणजे प्रेमबिम नाही, नुसतं "काय करायचं यांचं?" असं. मग दोघं सुरू होतात. मी हे चार-पाच वेळा बघितलंय आजवर आणि ते एकमेकांकडे बघणं मला कधी दिसलंच नव्हतं, कारण तोवर मी मुलींच्या चेहऱ्यांकडे बघून हसत असायचे.

भाची बाजूला होती, तिला विचारलं हे दोघं आता काय करतायत. ती म्हणाली, "खेळतायत."


रात्रीचा_वाचक

मी फार्स म्हणून सोडून दिला होता, आता पूर्ण रात्र जाणार. कुठल्या क्रमाने बघू?


पानगळ

आधी कॉल ऑफ द क्युटी, चिअरिलीच्या फुलांसाठी. मग लेसन झीरो आणि हार्ट्स अँड हूव्ज डे लागोपाठ, मध्ये थांबू नका. कँटरलॉट वेडिंगचे दोन्ही भाग त्यानंतर. हार्ड टू से एनीथिंग दुसऱ्या दिवशी बघा, ताज्या डोळ्यांनी, नाहीतर त्या मांडणीकडे लक्ष जात नाही. आणि तो शेवटचा सीन बघताना मुलींकडे बघू नका.